वळकटी, अर्धा तंबू आणि एकोणीसशे मैल

१/ १४ जून १८९७. अमेरिकेतील मोंटाना राज्याच्या फोर्ट मिझूला या लष्करी ठाण्यातून तेवीस सायकली बाहेर पडल्या. वीस कृष्णवर्णीय सैनिक, एक गौरवर्णीय लेफ्टनंट, एक लष्करी डॉक्टर आणि एक तरुण वार्ताहर. गाठायचे होते सेंट लुइस, १९०० मैल, म्हणजे सुमारे ३०५० किलोमीटर दूर. निवारा, अंथरूण, शिधा आणि शस्त्र, सारे सायकलीवर आणि पाठीवर. हे सामान कसे निवडले गेले, कसे बांधले गेले आणि ते वाहणाऱ्या माणसांच्या वाट्याला पुढे काय आले, त्याचा हा धागा.

२/ प्रथम पार्श्वभूमी. अमेरिकेतील यादवी युद्धानंतर लष्करात कृष्णवर्णीय सैनिकांच्या चार कायम पलटणी उरल्या: दोन घोडदळाच्या, दोन पायदळाच्या. सैनिक कृष्णवर्णीय, अधिकारी मात्र जवळजवळ सगळे गौरवर्णीय. ‘बफेलो सोल्जर्स’ या नावाने त्या ओळखल्या जातात. त्यांपैकी पंचविसावी पायदळ पलटण १८६९ मध्ये उभी राहिली आणि १८८८ पासून तिचा तळ डोंगराळ मोंटानातील फोर्ट मिझूला येथे होता.

३/ १८९० चे दशक हे सायकलीचे दशक होते. समान आकाराची दोन चाके, साखळी आणि हवेचे टायर यांमुळे सायकल सर्वसामान्यांच्या आवाक्यात आली होती. युरोपातील सैन्ये तिचे प्रयोग करत होती. अमेरिकेचे सरसेनापती जनरल नेल्सन माइल्स हेही तिचे पुरस्कर्ते होते. १८९६ मध्ये पंचविसाव्या पलटणीतील सेकंड लेफ्टनंट जेम्स मॉस यांना सायकल तुकडी उभारण्याची परवानगी मिळाली. वेस्ट पॉइंट या लष्करी प्रबोधिनीच्या १८९४ च्या तुकडीत मॉस अगदी शेवटच्या क्रमांकाने उत्तीर्ण झाले होते.

४/ मॉस यांचा युक्तिवाद सरळ होता. घोड्याला चारा लागतो, पाणी लागते, विश्रांती लागते. तो खिंकाळतो, आजारी पडतो. सायकल यांपैकी काहीच मागत नाही. पण या हिशेबात एक मेख होती. घोड्यावरचे ओझे घोडा वाहतो, सायकलीवरचे ओझे मात्र स्वाराचे पाय वाहतात. चढावर प्रत्येक जादा पौंड मांड्यांना जाणवतो. म्हणून सायकल चालते की नाही, यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न होता: तिच्यावर काय ठेवायचे आणि काय मागे सोडायचे?

५/ पहिली तुकडी आठ सैनिकांची. त्यांत जॉन फिंडली होते. शिकागोच्या सायकल कारखान्यात काम केलेले, म्हणजे दुरुस्तीचे जाणकार. ऑगस्ट १८९६ मध्ये चार दिवसांत १२६ मैलांची पहिली चाचणी झाली. पाऊस, चिखल, ओढे आणि वारंवार फाटणारे टायर. पाठोपाठ यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानापर्यंतची आणि परतीची सुमारे ८०० मैलांची सफर झाली. तेथील चुनखडीच्या पायऱ्यांवर सायकलींसह रांगेत उभे असलेले हे सैनिक एका प्रसिद्ध छायाचित्रात आजही दिसतात.

६/ या दोन सफरींचे शहाणपण १८९७ च्या सायकलीत उतरले. स्पाल्डिंग कंपनीने खास लष्करी सायकली दिल्या. रिम पोलादी, पुढचा चिमटा अधिक मजबूत, साखळीवर धूळ-चिखल रोखणारे आवरण, ब्रेक आणि सामानाचे कॅरिअर. रिकाम्या सायकलीचे वजन सुमारे ३२ पौंड, म्हणजे साडेचौदा किलो. हलकेपणापेक्षा टिकाऊपणाला येथे झुकते माप मिळाले. निर्जन प्रदेशात चाक मोडले, तर जवळचा कारागीर शेकडो मैलांवर असू शकत होता.

७/ आता बांधणी. सामान मुख्यतः दोन ठिकाणी विभागलेले होते: हँडलच्या पुढे वळकटी आणि सायकलीच्या त्रिकोणी सांगाड्यात कडक चामड्याची पेटी. सीटखाली कापडी पिशवीत पत्र्याचा पेला. पायदळातील शिपायाप्रमाणे सारा बोजा पाठीवर लादला नव्हता. पाठीवरचे ओझे स्वाराचा तोल उंचावर नेते आणि खडबडीत वाटेवर त्याला डोलवते. शिवाय सीटवरचा सगळा भार वाढतो, तो वेगळाच.

८/ वळकटीत काय होते? एक कांबळे, अर्धा तंबू व त्याच्या काठ्या, अंतर्वस्त्रे, मोज्यांचे जादा जोड, रुमाल, टॉवेल, साबण, दात घासण्याचा ब्रश. बस्स. ही यादी वाचताना तिच्यात काय नाही, हे पाहावे. गादी नाही, उशी नाही, हौसेची एकही वस्तू नाही. आणि ही वळकटी हँडलवर असल्याने तिच्या जाडीलाही मर्यादा होती. पुढचे ओझे वाढले की हँडल जड होते आणि वळणावर सायकल आपल्या मनाने जाऊ लागते.

९/ ‘अर्धा तंबू’ ही चूक नव्हे. त्या काळच्या लष्करी पद्धतीनुसार प्रत्येक सैनिक तंबूचे अर्धेच कापड वाहत असे. मुक्कामावर दोघांनी आपापली कापडे एकमेकांना जोडली की दोघांपुरती राहुटी उभी राही. प्रत्येकाच्या वाट्याचे वजन निम्मे. मात्र एक जण मागे पडला, तर दुसऱ्याचाही निवारा अर्धाच उरे. वजन वाचवण्याची ही युक्ती सोबत्यावरच्या भरवशावर उभी होती.

१०/ चामड्याच्या पेटीत शिधा: खारवलेले डुकराचे मांस, पाव, डबाबंद पदार्थ, कॉफी, साखर. सामानातील हा सर्वांत जड भाग. म्हणूनच तो दोन चाकांच्या मधोमध, स्वाराच्या दोन पायांच्या मध्ये ठेवला गेला. तेथे वजन तोल बिघडवत नाही. अट एकच: पेटी अरुंद हवी, नाहीतर पायडल मारताना गुडघे घासतात. कडक चामडे एवढ्यासाठीच. मऊ पिशवी भरली की फुगली असती.

११/ एक ओझे मात्र कमी करता येणारे नव्हते. ते सैनिक होते. प्रत्येकाजवळ सुमारे दहा पौंडांची क्राग-यॉर्गेन्सन रायफल आणि ५० काडतुसांचा पट्टा. १८९७ च्या सफरीत रायफल पाठीला तिरपी अडकवलेली असे. आज लांब पल्ल्याला निघणारा सायकलस्वार तंबूचे वजन ग्रॅमपर्यंत मोजतो. या माणसांनी साडेचार किलोचे लोखंड आणि लाकूड पाठीवर घेऊन १९०० मैल पायडल मारले.

१२/ एकूण हिशेब असा. भरलेली सायकल सरासरी सुमारे ५९ पौंड, म्हणजे २७ किलोच्या आसपास. त्यातून सायकलीचे वजन वजा केले तर सामान उरते सुमारे १२ किलो. निवारा, अंथरूण, कपडे, पेला आणि दोन दिवसांचे अन्न, सारे त्यात. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या लोकरीच्या, कॅनव्हासच्या आणि चामड्याच्या सामानाचा हा आकडा आहे. नायलॉन आणि ॲल्युमिनियम हाताशी असलेल्या आजच्या प्रवाशालाही तो सहज साधत नाही.

१३/ दोनच दिवसांचा शिधा का? येथे रेल्वे मदतीला आली. मार्ग बव्हंशी लोहमार्गाला धरून आखला होता आणि सुमारे शंभर-शंभर मैलांवरील स्थानकांवर शिधा आधीच रवाना केलेला होता. दिवसाला पन्नास मैल कापले की दोन दिवसांत पुढचा साठा हाती लागे. सामान हलके ठेवण्याचे खरे रहस्य पेटीत नव्हते, नियोजनात होते. पण याचा दुसरा अर्थही होता: वाट अडली की उपास.

१४/ आणि वाट अडलीच. मोंटानातील भिजलेली माती आपल्याकडच्या काळ्या रेगड मातीच्या स्वभावाची. चाकात, चिमट्यात, साखळीत ती गच्च भरे आणि सायकल ढकलताही येईना. खांडातील जलविभाजक डोंगररांग ओलांडताना जूनमध्ये बर्फाने गाठले. पूर आलेल्या ओढ्यांवर दोघे सैनिक एक काठी खांद्यांवर घेत आणि तिला सायकल टांगून पाण्यातून पलीकडे नेत. रस्ता संपला की रुळांमधल्या लाकडी स्लीपरवरून धक्के खात जावे लागे.

१५/ सर्वांत कठीण टप्पा नेब्रास्कातील वाळूच्या टेकड्यांचा. मोंटानात थंडीने काकडलेली माणसे येथे भाजून निघाली. चाके वाळूत रुतत आणि मैलोन्‌मैल सायकल हाताने न्यावी लागे. पिण्याला मिळे ते पाणी क्षारयुक्त. ते पिऊन सैनिक आजारी पडले, मॉसही अंथरुणाला खिळले. सामानाची यादी कितीही विचाराने केलेली असो, पाणी हा असा जिन्नस आहे की तो सोबत पुरेसा नेता येत नाही आणि त्याच्यावाचून पुढे जाता येत नाही.

१६/ २४ जुलै १८९७ रोजी, एकेचाळिसाव्या दिवशी, तुकडी सेंट लुइसला पोहोचली. प्रत्यक्ष प्रवासाचे दिवस ३४, दिवसाची सरासरी सुमारे ५६ मैल. शहरातील सायकलस्वार त्यांना सामोरे आले. फॉरेस्ट पार्कमधील त्यांची छावणी पाहायला हजारोंची गर्दी लोटली. त्या काळी दक्षिणेत कृष्णवर्णीयांना रेल्वेच्या डब्यातही वेगळे बसवले जात होते. १८९६ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने त्या विभक्ततेवर शिक्कामोर्तब केले होते. हे ध्यानात घेतले म्हणजे त्या गर्दीचे मोल कळते.

१७/ पुढे? सैनिक रेल्वेने परतले. मॉस यांनी सॅन फ्रान्सिस्कोपर्यंतच्या नव्या सफरीचा प्रस्ताव मांडला, तो नाकारला गेला. १८९८ मध्ये स्पेनशी युद्ध जुंपले, पलटण क्यूबाला गेली आणि सायकल तुकडी इतिहासजमा झाली. मॉस पुढे कर्नल झाले. सैनिकी शिक्षणावरील त्यांची पुस्तके अमेरिकी लष्करात वर्षानुवर्षे वापरली गेली. ज्यांच्या पायांवर त्यांचा प्रयोग यशस्वी झाला, त्यांच्यापैकी एकाची गोष्ट मात्र वेगळ्या वाटेने गेली.

१८/ सार्जंट मिंगो सँडर्स. तुकडीतील ज्येष्ठ सैनिक, वय ३९. एका स्फोटात त्यांच्या एका डोळ्याची दृष्टी जवळजवळ गेली होती. तरीही वाळू, चिखल आणि स्लीपर पार करून त्यांनी १९०० मैल पूर्ण केले. क्यूबातही ते लढले. तेथे ‘रफ रायडर्स’ या स्वयंसेवक पथकाचा शिधा संपला असता पथकाच्या एका अधिकाऱ्याने सँडर्स यांच्या कंपनीकडे कडक बिस्किटे मागितली आणि त्यांनी ती दिली, अशी हकिगत पुढे सांगितली गेली. त्या अधिकाऱ्याचे नाव थिओडोर रूझवेल्ट.

१९/ ऑगस्ट १९०६. पलटणीच्या तीन कंपन्या टेक्सासमधील ब्राउन्सव्हिल येथे होत्या. एका रात्री गावात गोळीबार झाला, एक जण ठार झाला आणि ठपका सैनिकांवर आला. आम्ही बराकीत होतो, असे सैनिक सांगत राहिले. कोणावरही गुन्हा शाबीत झाला नाही. तरीही राष्ट्राध्यक्षांनी खटल्याविना १६७ सैनिकांना सन्मान नाकारून बडतर्फ केले. त्यांत सँडर्स होते: सुमारे २६ वर्षांची सेवा, निवृत्तिवेतन दृष्टिपथात. राष्ट्राध्यक्ष होते थिओडोर रूझवेल्ट. परत घ्यावे ही सँडर्स यांची विनंती फेटाळली गेली.

२०/ १९७२ मध्ये अमेरिकी लष्कराने ही बडतर्फी अन्यायकारक ठरवून सर्वांना सन्माननीय निवृत्ती बहाल केली. सँडर्स १९२९ मध्येच वारले होते. लष्कराने त्यांच्या सायकलीवरचा प्रत्येक पौंड तोलला होता, कांबळे आणि साबणासकट. त्यांच्या २६ वर्षांचा हिशेब करायला त्याच लष्कराला ६६ वर्षे लागली.

२१/ आज मिझूला हे अमेरिकेतील लांब पल्ल्याच्या सायकल प्रवासाचे मोठे केंद्र आहे. या प्रवाशांची राष्ट्रीय संस्था तेथूनच चालते. त्यांच्या सायकलींवरही हँडलच्या पुढे वळकटी आणि सांगाड्याच्या त्रिकोणात पिशवी दिसते. जड वस्तू मधोमध, हलक्या पुढे, आणि नको ते घरी. फिंडली, हेन्स, प्रॉक्टर, फोरमन, जॉन्सन: १८९६ आणि १८९७ या दोन्ही वर्षी सायकलीवर निघालेले हे पाच सैनिक. वळकटी बांधताना त्यांची नावे ठाऊक असावीत.