झाकून ठेवलेले दुखणे

उज्जैनच्या रामघाटावर क्षिप्रेचे स्नान करून आलेली मंडळी आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी असतील. गुरू सिंहेत आणि सूर्य मेषेत आला की तेथे सिंहस्थ भरतो. म्हणजे ऐन उन्हाळ्याचे दिवस. अशा गर्दीत आडोसा कोठे मिळणार, या धास्तीने कित्येक बायका पाणीच कमी पितात आणि लघवी तासन्‌तास रोखून धरतात. स्त्रीचा मूत्रमार्ग आखूड असल्यामुळे जंतूंना मूत्राशय गाठणे सोपे जाते. वेळीच उपचार झाले नाहीत, तर ते मूत्रपिंडापर्यंत चढतात.

मुठीएवढी ही दोन इंद्रिये दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला जेमतेम दीड-दोन लिटर बाहेर टाकतात. तरीही त्यांचे स्वतंत्र शास्त्र फार उशिरा उदयास आले. १९४३ साली हॉलंडात विलेम कोल्फ यांनी रक्त शुद्ध करणारे यंत्र रोग्यावर चालविले. १९५४ साली बोस्टन येथे जुळ्या भावांमध्ये मूत्रपिंडाचे आरोपण यशस्वी झाले. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९६५ साली तसा प्रयत्न झाला. परंतु देशाला पहिले यश लाभले ते १९७१ साली, वेल्लोर येथे.

याच के. ई. एम. मध्ये व त्याला जोडलेल्या शेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. विद्या आचार्य यांची कारकीर्द घडली. भारतातील पहिल्या स्त्री मूत्रपिंडतज्ज्ञ म्हणून त्यांचा उल्लेख होतो. मूत्रपिंडविकार विभागाचे प्रमुखपद त्यांनी सांभाळले. या शास्त्रातील तज्ज्ञांच्या अखिल भारतीय संस्थेचे अध्यक्षपदही भूषविले. संशोधनासाठी त्यांनी विषय निवडला तो मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाचा. आरोपणाची वार्ता वर्तमानपत्रांत झळकते. संसर्गाची कोणी छापीत नाही. परंतु गोरगरिबांच्या रुग्णालयात रोज दारी येणारे दुखणे हेच असते, आणि त्यातही स्त्रियांचे अधिक.

रोग्यांची सेवा, संशोधन आणि अध्यापन ही तीन कामे वेगळी वाटतात. वस्तुतः ती एकाच धाग्याची आहेत. खाटेवरचा रोगी प्रश्न विचारतो, प्रयोगशाळा उत्तर शोधते आणि विद्यार्थी ते उत्तर गावोगावी नेतो. एक वैद्य किती रोगी तपासणार? त्याचे शिष्य मात्र त्याच्या पश्चातही तपासीत राहतात.

पुढचा सिंहस्थ २०२८ साली आहे. यंत्र कामास येते ते मूत्रपिंड निकामी झाल्यावर. घाटाजवळचे स्वच्छ, कडीचे शौचालय आणि पिण्याचे शुद्ध पाणी त्याआधी उपयोगी पडते. आणि आई-बहिणींनी हे दुखणे लाजेपोटी झाकू नये, इतके शिकविण्यास वैद्यच हवा असेही नाही. ते काम प्रत्येक घराला करता येईल.