एक नदी, दोन नळ

जर्मनीतील एल्ब नदीच्या काठी हाम्बुर्ग आणि आल्टोना ही दोन शहरे एकमेकांना इतकी खेटून वसली होती की, काही ठिकाणी रस्त्याची एक बाजू एका शहरात तर दुसरी बाजू दुसऱ्या शहरात मोडे. १९३७ च्या कायद्याने आल्टोना हाम्बुर्गमध्ये विलीन झाले. परंतु १८९२ साली हाम्बुर्ग हे आपला कारभार आपणच पाहणारे धनाढ्य व्यापारी नगरराज्य होते, आणि आल्टोना प्रशियाच्या अमलाखाली होते. हवा एक, जमीन एक, पाणी पुरविणारी नदीही एकच. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये पटकीची साथ आली, आणि दोन शहरांचे दैव निराळे ठरले.

हाम्बुर्गची वस्ती सहा लाखांवर. तेथे सुमारे १७,००० लोकांना पटकी झाली व ८,६०० दगावले. आल्टोनाच्या दीड लाखाच्या आतील वस्तीत मृत्यू झाले सुमारे ३००, आणि त्यांतीलही कित्येकांना रोग जडला तो हाम्बुर्गमध्ये. म्हणजे एकीकडे हजारी तेरांहून अधिक, दुसरीकडे हजारी दोन.

वस्तुतः आल्टोनाच्या वाट्याला येणारे पाणी अधिक घाणेरडे. हाम्बुर्गचे सांडपाणी नदीत मिसळल्यावर, खालच्या अंगाला ब्लांकेनेसेजवळ ते उपसले जाई. पण १८५९ पासून ते वाळूच्या थरांतून गाळूनच नळांत सोडीत. अशा गाळणीत वाळूच्या पृष्ठभागावर गाळाचा व सूक्ष्म जीवांचा एक बुळबुळीत पापुद्रा धरतो. दिसायला तो किळसवाणा. तथापि जंतू अडविण्याचे खरे काम मुख्यत्वे तोच करतो. हाम्बुर्ग शहराच्या वरच्या अंगाचे पाणी घेई व हौदात थोडे निवळवून तसेच घरोघर पोचवी. भरतीच्या वेळी शहराची घाण उलट वर चढते, याचा विचार झाला नव्हता असे नाही. गाळणी हवी, हे नगरपित्यांना कळत होते. मात्र खर्च कोणाच्या माथी बसवावा या वादात वर्षे गेली. काम हाती घेतले गेले, तोच साथ येऊन ठेपली. मेले त्यांत बंदराजवळच्या दाटीवाटीच्या गल्ल्यांतील कष्टकरी फार होते.

बर्लिनहून डॉ. रॉबर्ट कॉख धावून आले. स्वल्पविरामासारखा वाकडा असा पटकीचा जंतू त्यांना १८८४ मध्ये कलकत्त्याच्या एका तळ्यात सापडला होता. भोवतालचे लोक त्याच तळ्यात धुणी धूत व तेच पाणी पीत. हाम्बुर्गमध्ये तर जणू निसर्गानेच प्रयोग मांडून ठेविला होता. सीमेवरील एक चाळवजा इमारतसमूह हाम्बुर्गच्या हद्दीत असून त्याला पाणी मात्र आल्टोनाचे मिळे. भोवताली पटकीने थैमान घातले असता तेथे ती शिरली नाही. रोग जमिनीतून व हवेतून उद्भवतो, असे मानणाऱ्यांना याचे उत्तर देणे जड गेले. म्युनिचचे वृद्ध आचार्य पेटेनकोफर यांनी तरीही ऑक्टोबरमध्ये जंतूंचे पाणी स्वतः पिऊन दाखविले; थोड्या पोटदुखीवर निभावले. छाती मोठी, सिद्धान्त मात्र चुकीचा! म्युनिच स्वच्छ करण्यात त्यांनी आयुष्य वेचले होते, हेही येथे सांगितले पाहिजे.

हाम्बुर्गची गाळणी मे १८९३ मध्ये चालू झाली. तत्पूर्वीच, त्या हिवाळ्यात, आल्टोनात अनपेक्षितपणे पटकी निघाली. कॉख यांनी शोध घेतला, तेव्हा कडाक्याच्या थंडीत वाळू गोठून गाळणीत बिघाड झाल्याचे आढळले. डोळ्यांना पाण्यात काहीच वावगे दिसले नव्हते. यापुढे प्रत्येक गाळणीचे पाणी दररोज वेगळे तपासावे, आणि एका घन सेंटिमीटरात शंभराहून अधिक जंतू निघाले तर ते नळात सोडू नये, असा दंडक त्यांनी घालून दिला.