अखंड पायरोलिसिस: भट्टीच्या तोंडाशी अडलेला प्रश्न

पॉलिथिनची पिशवी उघड्यावर पेटवली की ती जळते, धूर आणि काजळी सोडते. तीच पिशवी हवा शिरू न देता बंद भांड्यात साडेचारशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापवली, तर जळायला ऑक्सिजनच नसतो. तिच्यातल्या हजारो कार्बन अणूंच्या साखळ्या उष्णतेने वाटेल तिथे तुटू लागतात. साधारण पाच ते वीस कार्बनांचे तुकडे वाफ होऊन बाहेर पडतात आणि थंड झाल्यावर तेल होतात. त्याहून लहान तुकडे वायूच राहतात, मोठ्यांचे मेण होते, तळाशी थोडा कोळसा उरतो. हेच पायरोलिसिस. यात गूढ काही नाही. नागपूरच्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका अलका झाडगावकर यांच्या प्रयोगांची देशभर चर्चा झाली त्याला दोन दशके उलटली. देहरादूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेत २०१९ साली दिवसाला एक टन प्लास्टिकपासून सुमारे आठशे लिटर डिझेल काढणारा प्रायोगिक कारखाना सुरू झाला. प्लास्टिकचे तेल होते का, हा प्रश्न कधीच सुटला आहे. ते रोज, सुरक्षितपणे आणि परवडणाऱ्या खर्चात होते का, हा मात्र सुटलेला नाही.

आपल्याकडचे बहुतेक छोटे कारखाने बॅच पद्धतीचे असतात. भांड्यात माल भरायचा, दार बंद करायचे, तापवायचे, तेल काढून घ्यायचे, निववायचे, दार उघडून कोळसा उपसायचा. यात दिवसाचे बरेच तास तापवण्यात आणि निववण्यातच जातात. पण वेळेपेक्षा मोठा तोटा धोक्याचा आहे. प्रत्येक फेरीत दोनदा, सुरुवातीला आणि शेवटी, भांड्यातली ज्वालाग्राही वाफ व बाहेरची हवा एकमेकींच्या जवळ येतात. भांडे पुरते निवले नसताना घाईने दार उघडले की गरम कोळशाची भुकटी आणि उरलेली वाफ पेट घेतात. टायर पायरोलिसिसच्या कारखान्यांत कामगार भाजल्याच्या बातम्या येतात, त्यांतल्या पुष्कळ या क्षणाच्या असतात. अखंड पद्धतीत असे दारच नसते. एका टोकाने माल सतत आत जातो, दुसरीकडून वाफ आणि कोळसा सतत बाहेर पडतो, आणि आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त ठेवून हवा रोखली जाते. भट्टी आठवडेच्या आठवडे तापलेली राहते. अखंड पद्धतीच्या बाजूने माझ्या मते हाच सर्वांत भक्कम मुद्दा आहे. उत्पादन वाढते ही त्यामानाने गौण गोष्ट.

पण दार काढून टाकले की त्याचे काम दुसऱ्या कुणीतरी करावे लागते. सुटे पातळ प्लास्टिक आकारमानाने प्रचंड आणि वजनाला नगण्य. त्याच्या फटीफटींत हवा असते. म्हणून ते आधी एक्सट्रुडरमध्ये, म्हणजे स्क्रू फिरणाऱ्या तापत्या नळीत, दाबून वितळवतात आणि हा वितळलेला घट्ट लगदाच भट्टीच्या तोंडाशी बूच बनतो. दुसऱ्या टोकाला कोळसा थंड करत, एकामागोमाग उघडणाऱ्या दोन झडपांतून, नायट्रोजनच्या आवरणाखाली बाहेर काढतात. लगद्यात खडा किंवा तारेचा तुकडा गेला, तर स्क्रू घासतो किंवा अडतो, आणि अखंड म्हणवणारी भट्टी थांबते.

आतली मुख्य अडचण उष्णता पोचवण्याची. प्लास्टिक उष्णतेचे फार वाईट वाहक आहे. पोलादाच्या तुलनेत शंभराहून अधिक पटींनी वाईट. उष्णता भिंतीतून येते, म्हणून भिंतीला चिकटलेला थर करपतो आणि मधला लगदा अजून पुरता तापलेलाही नसतो. करपलेला कोळसा स्वतःच उष्णतारोधक; मग आतले तापमान टिकवण्यासाठी भिंत आणखी तापवावी लागते आणि आणखी करपते. त्यातच साखळ्या तुटण्याचा वेग तापमानाला विलक्षण संवेदनशील आहे: साडेचारशे अंशांच्या आसपास वीस अंश वाढले तर तो अडीच-तीन पट होतो. म्हणजे एकाच भांड्यात एका कोपऱ्यात वायू, दुसऱ्यात तेल आणि तिसऱ्यात मेण तयार होऊ शकते. यावर तऱ्हेतऱ्हेचे उपाय निघाले. हॅम्बुर्ग विद्यापीठात वॉल्टर कामिन्स्की यांनी १९७०च्या दशकापासून वायूच्या झोतावर तरंगणाऱ्या तप्त वाळूत प्लास्टिक सोडण्याची पद्धत विकसित केली. वाळूचा प्रत्येक कण उष्णता नेतो, त्यामुळे तापमान सर्वत्र जवळजवळ सारखे राहते. काहींनी भिंत खरवडत जाणारे स्क्रू वापरले, काहींनी फिरती आडवी भट्टी.

जपानमधल्या साप्पोरोचे उदाहरण इथे विस्ताराने पाहण्याजोगे आहे. तिथे २००० साली तोशिबाच्या तंत्रज्ञानाचा, वर्षाला सुमारे पंधरा हजार टन क्षमतेचा कारखाना उभा राहिला. माल घरगुती पॅकेजिंगचा, म्हणजे नाना जातींचे मिश्रण, त्यात पीव्हीसीही. म्हणून आधी सुमारे तीनशे अंशांवर वितळवून क्लोरीन हायड्रोजन क्लोराइडच्या रूपात काढून घेत आणि मग लगदा फिरत्या भट्टीत सोडत. भट्टीत सिरॅमिकचे गोळे घातलेले असत. ते गडगडत भिंतीवरचा कोळसा झाडत. निघालेल्या तेलातला हलका भाग रसायन उद्योगाला जाई, जड भाग वीज करायला वापरला जाई. यंत्र चालले. तरीही साधारण दशकभरात कारखाना बंद झाला. जपानी व्यवस्थेत कचरा कोणी हाताळायचा हे निविदांनी ठरते, आणि पोलाद कारखाने तेच प्लास्टिक आपल्या कोक भट्ट्यांत कमी शुल्कात घ्यायला तयार होते. कोक भट्टीला माल एवढा निवडलेला लागत नाही, आणि ती पोलादासाठी आधीच तापलेली असते. आपल्याकडे सिमेंटच्या भट्ट्या आज नेमकी तीच जागा घेत आहेत, हे पायरोलिसिसचा प्रकल्प अहवाल लिहिणाऱ्यांनी विसरू नये.

साप्पोरोत क्लोरीनपायी एवढा खटाटोप का, ते एका हिशोबात कळते. शुद्ध पीव्हीसीच्या वजनाचा ५७ टक्के भाग क्लोरीन असतो. एक टन कचऱ्यात फक्त दोन टक्के, म्हणजे वीस किलो पीव्हीसी असले, तरी त्यात अकरा किलोंहून जास्त क्लोरीन आले. त्यातले ९९ टक्के आधीच काढले आणि उरलेले शंभरेक ग्रॅम तेलात उतरले, तरी तेलात दहा लाखांत शंभराहून अधिक भाग क्लोरीन राहील. पुन्हा प्लास्टिक बनवणाऱ्या क्रॅकरला ते जेमतेम काही भाग चालते. पाण्याच्या बाटलीचे पीईटी वेगळा त्रास देते: त्यातून निघणारी टेरेफ्थॅलिक आणि बेंझोइक आम्ले थंड नळीत पांढरी भुकटी होऊन साचतात आणि कंडेन्सर बुजवतात. सुदैवाने बाटल्या कचरावेचक आधीच उचलतात, कारण त्यांना भंगारात भाव असतो. दुर्दैव असे की तोच न्याय डबे, बादल्या, क्रेट यांनाही लागतो. भट्टीला सर्वांत मानवणारे स्वच्छ पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलिन भंगारवाल्यालाही हवे असते, आणि तो जास्त पैसे देतो. भट्टीच्या वाट्याला उरते ते वेफर्सचे आणि गुटख्याचे वेष्टन, ज्यात ॲल्युमिनियम, शाई आणि दोन-तीन जातींचे थर एकत्र चिकटलेले, वर ओल्या कचऱ्याचा ओलावा.

ओलाव्याचा हिशोबही बोलका आहे. एक किलो पॉलिथिन तापवून तोडायला सुमारे दीड ते दोन मेगाज्यूल उष्णता लागते, आणि त्याच्यातली एकूण ऊर्जा चाळीसहून अधिक मेगाज्यूल. दहा-पंधरा टक्के वायू निघाला आणि तो बर्नरमध्ये जाळला, तरी चार-सहा मेगाज्यूल मिळतात. म्हणजे कोरडा माल स्वतःच्या वायूवर चालू शकतो. पण मालात तीस टक्के पाणी असेल, तर प्रत्येक किलो प्लास्टिकमागचे चारशे-साडेचारशे ग्रॅम पाणी भट्टीच्या तापमानाला नेण्यातच सुमारे १.४ मेगाज्यूल खर्च होतात. मागणी जवळजवळ दुप्पट, आणि धुराड्यातून जाणारी उष्णता धरली की शिल्लक फारशी राहत नाही.

तेलाला डिझेल म्हणण्याची घाईही टाळावी. साखळ्या तुटल्यावर टोकांशी दुहेरी बंध राहतात. त्यामुळे साठवणीत तेल काळवंडते, चिकट गाळ धरते. मेणामुळे ते थंडीत गोठते, तर हलक्या भागामुळे सहज पेट घेते. बीएस-६ डिझेलमध्ये गंधक दहा लाखांत दहा भागांहून जास्त चालत नाही आणि सीटेन अंक किमान ५१ लागतो. त्या मानकांत बसण्यासाठी ऊर्ध्वपातन आणि हायड्रोजन प्रक्रिया हवी, जी लहान कारखान्याच्या आवाक्याबाहेरची. बॉयलरच्या बर्नरसाठी हे तेल ठीक. शिवाय एक किलो पॉलिथिन शेवटी तेल होऊन जळले की सुमारे ३.१ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातोच. भट्टीच्या इंधनाचा हिशोब वेगळा. म्हणूनच आपल्या विस्तारित उत्पादक जबाबदारीच्या, म्हणजे उत्पादकानेच आपल्या प्लास्टिक कचऱ्याची सोय लावायची या, नियमांत कचऱ्यातून तेल हा मार्ग पुनर्चक्रीकरणात न धरता अंतिम विल्हेवाटीत धरला आहे, आणि ते योग्यच आहे.

तेव्हा शहराच्या मिश्र कचऱ्यावर अखंड भट्टी चालवण्याचा आग्रह मला पटत नाही. तिला हवा एकाच जातीचा माल, ज्यात क्लोरीन नाही आणि ज्याला भंगारात भाव नाही. असा माल महाराष्ट्रात शेतावर आहे: मल्चिंग पेपर. नारायणगाव, नाशिक या भागांत टोमॅटो, मिरची, कलिंगडाखाली अंथरला जाणारा हा पंचवीस-तीस मायक्रॉनचा कागद म्हणजे पॉलिथिनच. हंगाम संपला की तो फाटतो, मातीत मिसळतो, बांधावर पेटवला जातो. भंगारवाला त्याला हात लावत नाही, कारण वजनात माती कधीकधी प्लास्टिकइतकी असते. भट्टीलाही ती माती नको. ती स्क्रू झिजवते आणि कोळशात उतरते. पण झटकणे, धुणे, वाळवणे आणि गठ्ठे बांधणे हे काम गावात, हंगामानंतरच्या उन्हात होऊ शकते, आणि कोरडे गठ्ठे वर्षभर साठवता येतात, म्हणजे हंगामी मालावरही भट्टी बाराही महिने चालेल. धुण्याचे पाणी कुठून आणायचे आणि गठ्ठ्याला किलोमागे किती भाव दिला तर शेतकरी तो बांधावर न जाळता आणून देईल, एवढी दोन उत्तरे यंत्राची ऑर्डर देण्याआधी हातात हवीत.