कपाशीचे औषध, कुत्र्याचे औषध

रेडिओवर कवीला बोलावले की पाऊस, सण किंवा मायबोली यांपैकी एखादा विषय त्याच्या वाट्याला येतो. या खेपेस विषय माझ्यावरच सोडला होता. मी म्हटले, गोचिडांवर बोलतो. फोनवर पलीकडे जरा वेळ शांतता पसरली. पण ज्याच्या दारात गाय, बैल, शेळी किंवा कुत्रे आहे, त्याला या विषयाचे हसू येणार नाही. शिवाय या बारक्या जिवाच्या औषधामागे आपल्या देशाच्या एका कायद्याचा इतिहास आहे. तो सांगण्याआधी घरची एक गोष्ट सांगतो.

आमचे घराणे बागवानांचे. चोपड्यात फळांचे दुकान आणि अडावदच्या रस्त्याला बटाईने केलेला केळीचा मळा. मळ्यावर राजा नावाचा कुत्रा होता. मुसलमानाकडे कुत्रे कसे, असे काही जण विचारतात. घरात नव्हतेच ते, मळ्यावर होते. राखणीसाठी आणि गुराढोरांसाठी कुत्रे पाळायला आमच्यात मुभा आहे. त्याची लाळ लागली तर नमाजाआधी धुवायचे, एवढेच. तहानलेल्या कुत्र्याला विहिरीत उतरून, जोड्यात पाणी भरून पाजणाऱ्या आणि त्या एका कामावर माफी मिळालेल्या माणसाची गोष्ट दादी आम्हाला कितीदा तरी सांगायची.

गोष्ट १९८० नंतरच्या एका उन्हाळ्यातली. राजाच्या कानांत आणि पंजांच्या बेचक्यांत गोचीड भरले होते. रक्त पिऊन फुगलेला गोचीड अगदी एरंडीच्या बीसारखा दिसतो. एरंडाचे शास्त्रीय नाव ‘रिसिनस’ आहे, आणि लॅटिन भाषेत त्या शब्दाचा अर्थच गोचीड. म्हणजे हे साम्य आपल्याआधी रोमन लोकांनाही दिसले होते! दादी करंजाचे तेल चोळायची, कडुनिंबाचा पाला वाटून लावायची. अब्बा एकेक गोचीड उपटून रॉकेलच्या डब्यात टाकायचे. चार दिवस बरे जायचे, पाचव्या दिवशी पुन्हा तेच.

शेजारच्या मळ्यातले नाना एकदा म्हणाले, “भाऊ, कपाशीनं औषध लाई दे, दोन दिनमा समदं साफ व्हई जाई.” नानांच्या मनात वाईट काही नव्हते. तालुकाभर लोक तेच करत होते. अब्बांनी फवारणीतून उरलेले औषध अंदाजाने पाण्यात कालवले आणि फडक्याने राजाच्या अंगाला लावले. राजाने अंग चाटले. दिवस मावळता मावळता त्याच्या तोंडातून लाळ गळू लागली, पाय झाडू लागला. पहाटेपर्यंत संपला. अब्बांनी बांधावर खड्डा खणला. पुढे त्यांनी कधी कुत्रे पाळले नाही. कोणी विचारले तर एवढेच म्हणत, “वो कपास की दवा थी.”

कुत्र्याचे औषध मग कुठे होते? या प्रश्नाने मला पुढे पुष्कळ वर्षांनी वाचायला लावले.

गोचीड आणि पिसवा यांच्याकडे सरकारचे लक्ष प्रथम गेले ते माणसाच्या मरणामुळे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग शिरला आणि लवकरच खानदेशातही पोचला. बहिणाबाईंच्या ओंकारला प्लेगनेच कायमचे अपंगत्व दिले. हा रोग उंदरावरच्या पिसवेमार्फत पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत दाखवले. आधी त्याच्यावर कोणी फारसा विश्वास ठेवला नाही. १९०५ नंतर मुंबईत परळला झालेल्या प्रयोगांनी ती गोष्ट पक्की झाली. पिसू कुत्र्याला चावते हे आपल्याला ठाऊक होते, ती माणसाचा जीव घेते हे तेव्हा कळले.

गोचिडांचा अभ्यासही याच काळातला. १९१० मध्ये मद्रासला पॅटन नावाच्या अधिकाऱ्याला कुत्र्यांच्या रक्तात एक नवा परजीवी सापडला. गोचिडांमार्फत पसरणारा, तांबड्या पेशी फोडून कुत्र्याला ताप आणणारा हा ‘बॅबेसिया’ आजही आपल्याकडे कुत्री मारतो. पण पॅटनने तपासलेली कुत्री होती साहेब लोकांच्या शिकारी क्लबातली. गावच्या कुत्र्याचे रक्त तपासायला कोण जातो?

दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास रसायनांचे युग आले. पॉल म्युलर या स्विस शास्त्रज्ञाला १९३९ मध्ये डीडीटीचा कीटकनाशक गुण सापडला आणि १९४८ मध्ये त्याला नोबेल मिळाले. १९५३ मध्ये आपल्याकडे हिवतापाविरुद्ध राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. फवारणीवाले येऊन भिंती पांढऱ्या करत आणि दारावर तारीख टाकून जात. ती तारीख माझ्याही लहानपणी आमच्या दारावर होती. सोबत दुकानात सुटी मिळणारी गॅमेक्झिन पावडर होती. ढेकणाला तीच, मुंग्यांना तीच, डोक्यातल्या उवांना तीच आणि कुत्र्यालाही तीच. ही द्रव्ये शरीराच्या चरबीत साठून राहतात हे हळूहळू कळत गेले. शेतीतला डीडीटी १९८९ मध्ये बंद झाला आणि बीएचसी, म्हणजे आपली गॅमेक्झिन, १९९७ मध्ये.

कीटकनाशकांवर कायदा आला तोही माणसे मेल्यावर. १९५८ मध्ये केरळात बोटीवर धान्याजवळ ठेवलेले पॅराथिऑन सांडले आणि त्या पिठाने शंभरावर माणसे दगावली. त्यातून पुढे १९६८ चा कीटकनाशक कायदा झाला. औषधांचा कायदा त्याआधीचा, १९४० चा. म्हणजे एकच द्रव्य शेतात फवारायचे असेल तर एका कायद्याखाली येते आणि जनावराला लावायचे असेल तर दुसऱ्या. बाटली वेगळी, तीव्रता वेगळी, त्यात मिसळलेले द्रावक वेगळे, लेबल वेगळे. अब्बांच्या हातात होती ती पहिल्या कायद्याची बाटली. दुसऱ्या कायद्याची बाटली आमच्या ऐपतीत नव्हती, आणि असते हेही आम्हाला ठाऊक नव्हते.

ऐपतीचा प्रश्न सोडवणारा कायदा मात्र राजाच्या मरणाआधीच झाला होता. स्वातंत्र्यानंतरही आपल्याकडे इंग्रजांच्या काळातला १९११ चा पेटंट कायदा चालू होता. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ मध्ये त्याचा अहवाल दिला. भारतातली ८० ते ९० टक्के पेटंटे परदेशी लोकांच्या हाती होती, आणि त्यांतली ९० टक्क्यांहून अधिक इथे वापरलीच जात नव्हती. वस्तू इथे बनवायची नाही आणि दुसऱ्याला बनवू द्यायची नाही! त्याच सुमारास अमेरिकेतल्या केफॉव्हर समितीने नोंदवले की, काही औषधांचे भारतातले भाव जगात सर्वांत चढे आहेत. गरीब देशात औषध सर्वांत महाग!

मग १९७० चा पेटंट कायदा आला आणि २० एप्रिल १९७२ पासून लागू झाला. औषधाच्या वस्तूवर पेटंट द्यायचे नाही, फक्त ती बनवण्याच्या पद्धतीवर द्यायचे, असे त्याने ठरवले. त्याचीही मुदत फार तर सात वर्षे. तेच औषध कोणी वेगळ्या रीतीने बनवले तर त्याला मोकळीक. सिप्लाचे डॉ. युसुफ हमीद यांच्यासारखी मंडळी या बदलासाठी झगडली होती. याच सिप्लाने २००१ मध्ये एड्सचे औषध दिवसाला सुमारे एक डॉलर इतक्या खाली आणून जगाला चकित केले. ही गोष्ट पुष्कळांना माहीत असते.

मला थांबवले ते त्या कायद्यातल्या एका व्याख्येने. ‘औषध’ म्हणजे काय, हे सांगताना कायद्याने माणसांच्या औषधांबरोबर जनावरांची औषधेही स्पष्ट शब्दांत घेतली होती. पोटात घ्यायचीही आणि वरून लावायचीही. कीटकनाशकेही त्याच व्याख्येत होती. दिल्लीतल्या कुणा मसुदा लिहिणाऱ्याने माणूस आणि जनावर एका ओळीत बसवले होते. कायद्याच्या भाषेत कविता नसते असे म्हणतात. मला ती ओळ वाचून राजा आठवला.

त्या मोकळिकीत देशी कारखानदारी वाढली. डोंबिवलीत केकी घरडा यांनी लहानशा कारखान्यापासून सुरुवात करून परदेशी कीटकनाशके स्वतःच्या पद्धतीने, स्वस्तात बनवून दाखवली. दरम्यान औषधेही सुधारत होती. शेवंतीच्या कुळातल्या पायरेथ्रम या फुलात कीटक मारणारे द्रव्य असते. त्या धर्तीवर इंग्लंडमध्ये मायकेल इलियट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये डेल्टामेथ्रिन बनवले. आज पशुवैद्यकीय दुकानात गोचिडांसाठी जी लहान स्वस्त बाटली मिळते, तिच्यात बहुधा हेच असते. ते पाण्यात ठरल्या प्रमाणात मिसळून अंगाला लावतात.

पुढचा टप्पा फिप्रोनिलचा. फ्रान्सच्या रोन-पुलाँक कंपनीने १९८० च्या दशकात ते शोधले आणि नव्वदीत ते कुत्र्यामांजरांच्या औषधात आले. मानेवर काही थेंब टाकायचे. औषध कातडीच्या तेलकटपणाबरोबर अंगभर पसरते, तेलग्रंथींत साठते आणि साधारण महिनाभर काम करते. किडीच्या मज्जातंतूंचा लगाम ते सोडवते, त्यामुळे कीड तडफडून मरते.

मधल्या काळात जागतिक व्यापार करार झाला, आणि १ जानेवारी २००५ पासून आपल्याकडेही औषधाच्या वस्तूवर २० वर्षांचे पेटंट सुरू झाले. जनावरांना औषधात धरणारी ती व्याख्याही तेव्हा कायद्यातून गेली. पण १९९५ च्या आधी शोधलेल्या द्रव्यांना हा नवा नियम लागला नाही. फिप्रोनिल त्यांतलेच. अमेरिकेत त्याचे मूळ पेटंट २०१० मध्ये संपले आणि तिथेही जेनेरिक थेंब आले. अलीकडच्या तोंडाने द्यायच्या गोळ्या, म्हणजे फ्लुरालेनर, अफॉक्सोलेनर वगैरे, १९९५ नंतरच्या शोधांतल्या. त्या गुणकारी आहेत आणि महागही आहेत. त्यांचीही मुदत एकेक करून सरेल.

दोन वर्षांपूर्वी माझी मुलगी पावसात भिजलेले एक पिल्लू घरी घेऊन आली. मी नको म्हणालो. पोरींपुढे बापाचे किती चालते? ते ओट्यावर राहू लागले. पहिल्याच उन्हाळ्यात त्याच्या कानात एरंडीची बी दिसली आणि माझ्या पोटात गोळा आला. पशुवैद्य डॉक्टरांनी पिल्लाचे वजन केले आणि फिप्रोनिलचे थेंब लिहून दिले. दुकानदाराने आधी काढली ती परदेशी नावाची पेटी. किंमत ऐकून मी मागे सरलो. मग त्याने देशी कंपनीची काढली, निम्म्याहून कमी किमतीची. मी दोन्ही पेट्या शेजारी ठेवून बारीक अक्षर वाचले. द्रव्य तेच, टक्केवारी तीच, वजनाचा गटही तोच. डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, “सर, बिनधास्त घ्या.”

जेनेरिक या शब्दाला आपण बिचकतो. स्वस्त म्हणजे कमअस्सल, असे आपल्या मनात बसले आहे. पण स्वस्ताई दोन प्रकारची असते. शोधाची किंमत वसूल झाल्यावर अनेकांनी तेच औषध बनवले म्हणून आलेली एक. भलत्या कामाचे विष घरात पडून आहे म्हणून वाटणारी दुसरी. राजा मेला तो दुसऱ्या स्वस्ताईने. ती अजून संपलेली नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना शेतकरी आणि मजूर दगावले. जे विष अंगावर उडून माणूस मरतो, ते कुत्र्याच्या अंगाला चोळायचे?

म्हणून चार गोष्टी सांगतो. पेटीवर द्रव्याचे नाव, टक्केवारी आणि वजनाचा गट वाचा. मोठ्या कुत्र्याचे औषध पिल्लाला अर्धे करून लावू नका. कुत्र्याचे औषध मांजराला तर कधीच लावू नका, कारण परमेथ्रिनसारखे द्रव्य मांजराला पचत नाही आणि ते मरते. गुरांचे आयव्हरमेक्टिन अंदाजाने कुत्र्याला देऊ नका, कोली जातीच्या कुत्र्यांत ते मेंदूपर्यंत पोचते. आणि गोचीड अंगावरून गेले म्हणजे संपले असे समजू नका. पोट भरलेली मादी खाली उतरते, भिंतीच्या फटीत शिरते आणि हजारांनी अंडी घालते. फटी बुजवा, अंथरूण उन्हात टाका, औषध वेळेवर पुन्हा लावा.

माणसांसाठी जन औषधी योजना २००८ मध्ये आली. मार्च २०२५ मध्ये केंद्र सरकारने जनावरांसाठी ‘पशु औषधी’ मंजूर केली आणि जेनेरिक पशुऔषधांसाठी ७५ कोटी रुपयांची तरतूद ठेवली. हा भर मुख्यतः दुभत्या आणि कामाच्या गुराढोरांवर आहे. मळा राखणाऱ्या कुत्र्यालाही त्यात जागा मिळावी, एवढे मागणे आहे. सातपुड्याच्या पायथ्याला पावरा भावांच्या झोपडीपुढे बसलेला कुत्रा कुणाचा लाडोबा नसतो. शेळ्या आणि कोंबड्या त्याच्या भरवशावर असतात.

त्या दिवशी घरी आल्यावर मुलीने पिल्लाला धरले आणि मी थेंब टाकले. कागदावर लिहिले होते, दोन खांद्यांच्या मध्ये, मानेच्या मागे, केस बाजूला करून कातडीवर. मी तिला विचारले, “तिथेच का गं?” ती म्हणाली, “अब्बू, तिथं त्याची जीभ पोचत नाही.”

मी रिकामी नळी हातात धरून बराच वेळ ओट्यावर बसून राहिलो.