ल्यूथर ट्रँटचे वाचक

१९१० साली बॉस्टनच्या स्मॉल, मेनार्ड आणि कंपनीने नऊ कथांचं एक पुस्तक काढलं. नाव ‘द अचीव्हमेंट्स ऑफ ल्यूथर ट्रँट’. लेखक दोघं: एडविन बाल्मर आणि विल्यम मॅकहार्ग. दोघंही शिकागोच्या वर्तमानपत्री जगातले, आणि नात्याने मेव्हणे. त्यांचा नायक ल्यूथर ट्रँट हा विद्यापीठाच्या मानसशास्त्रीय प्रयोगशाळेतला तरुण सहायक आहे. पहिल्या कथेत तो विद्यापीठातल्याच एका मृत्यूचा छडा लावतो आणि पुढे शिकागोत स्वतंत्रपणे तपासाचं काम सुरू करतो. मानसशास्त्रज्ञानेच गुन्ह्याचा शोध घ्यायचा, ही कल्पना आज कादंबऱ्या-मालिकांमुळे घरोघरी पोहोचली आहे. ती मांडणाऱ्या अगदी सुरुवातीच्या पुस्तकांपैकी हे एक.

पुस्तकाला छोटी प्रस्तावना आहे. वाचकांच्या मताचा माग काढायचा तर मी सुरुवात तिथूनच करीन. लेखक बजावून सांगतात की पात्रं आणि कथानक सोडलं तर यात कल्पनेचं काही नाही. ट्रँट ज्या पद्धती वापरतो त्या जगभरच्या प्रयोगशाळांत रोज वापरल्या जातात. रहस्यकथा लिहिणारा सहसा अशी हमी देत नाही. ज्या अर्थी या दोघांना ती पहिल्याच पानावर द्यावीशी वाटली, त्या अर्थी वाचक काय विचारणार हे त्यांना ठाऊक होतं. खुनी कोण, हा प्रश्न नंतरचा. आधीचा प्रश्न असा: हे यंत्र खरंच असं करतं का?

पुढची शंभर वर्षं ट्रँटविषयीचं मत याच प्रश्नाभोवती फिरत राहिलं, असं माझं म्हणणं आहे.

कथा पुस्तकाआधी ‘हॅम्प्टन्स मॅगझिन’मध्ये आल्या, पहिली मे १९०९मध्ये. हे मासिक बड्या कंपन्यांच्या भानगडी उघड करणाऱ्या लेखांसाठी गाजत होतं. १९१०मध्ये त्यातच रॉबर्ट पिअरीची उत्तर ध्रुवाची हकीकत क्रमशः छापली गेली. म्हणजे ट्रँटचा वाचक कथा वाचायला बसला, की त्याच बांधणीत आगेमागे सत्यकथनाचा दावा करणारा मजकूर असायचा. या शेजाराचा परिणाम कथांच्या वाचनावर झाला नसता तरच नवल.

‘द मॅन हायर अप’ ही कथा या दृष्टीने तपासण्यासारखी आहे. न्यूयॉर्कच्या गोदीत वजनकाट्यात फेरफार करून सरकारची जकात बुडवली जाते, आणि हुकूम देणारा माणूस कंपनीच्या अगदी वरच्या खुर्चीत बसलेला असतो, असं तिचं सूत्र. १९०९च्या वाचकाला हे ओळखीचं होतं. २० नोव्हेंबर १९०७ रोजी रिचर्ड पार या सरकारी अधिकाऱ्याने ब्रुकलिनच्या धक्क्यावर अमेरिकन शुगर रिफायनिंग कंपनीचे काटे तपासले होते. सतरा काट्यांच्या खांबांना बारीक भोकं पाडलेली होती. भोकातून पातळ पोलादी स्प्रिंग आत सरकवली की ती काट्याच्या दांडीवर दाब द्यायची आणि साखरेचं वजन कमी दिसायचं. वजन कमी, म्हणून जकातही कमी. कंपनीला पुढे वीस लाख डॉलरपेक्षा जास्त रक्कम भरावी लागली. धक्क्यावरची माणसं पकडली गेली. कंपनीचा सर्वेसर्वा हेन्री हॅवमायर तर भोकं सापडल्यानंतर पंधरा दिवसांच्या आत, ४ डिसेंबरला वारला. वरून हुकूम कोणी दिला, ही टोचणी लोकांच्या मनात राहून गेली.

ट्रँट नेमका तिथे हात घालतो. छातीच्या हालचालीवरून श्वास नोंदवणारा न्यूमोग्राफ आणि रक्तपुरवठ्याने अवयवाच्या आकारमानात होणारा सूक्ष्म बदल टिपणारा प्लेथिस्मोग्राफ ही दोन उपकरणं तो वापरतो. वरच्या खुर्चीतला माणूस तोंडाने काहीही बोलो, आलेख त्याच्या विरोधात जातो. जर्मन उच्चारांत बोलणारे एक प्राध्यापकही कथेत आहेत. न्यायालयाला जिथे पोहोचायला वर्षं लागत होती, तिथे ही कथा वाचकाला एका बैठकीत नेऊन सोडते. तिचं आकर्षण मला तरी इथेच दिसतं. यंत्र खरं असण्याची गरज लेखकांइतकीच वाचकालाही होती.

यंत्रावरचा हा विश्वास आला कुठून? त्यासाठी ‘ऑन द विटनेस स्टँड’ हे १९०८चं पुस्तक उघडावं लागतं. लेखक मानसशास्त्रज्ञ ह्यूगो म्युन्स्टरबर्ग: जन्म डांझिगचा, शिक्षण लाइपझिगला वुंटच्या हाताखाली, आणि १८९२ साली विल्यम जेम्सच्या निमंत्रणावरून हार्वर्डला आलेला. बाल्मरने हार्वर्डची एम.ए. १९०३मध्ये घेतली, तेव्हा म्युन्स्टरबर्गची प्रयोगशाळा तिथे जोरात चालू होती. ट्रँटच्या पोतडीतलं बरंचसं सामान या पुस्तकात सापडतं. उदाहरणार्थ, शब्दसाहचर्याची चाचणी. संशयिताला एकेक शब्द ऐकवायचा, मनात येईल तो शब्द त्याने लगेच उच्चारायचा, आणि मधला वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजणाऱ्या क्रोनोस्कोपवर टिपायचा. साध्या शब्दांमध्ये गुन्ह्याशी संबंधित शब्द पेरलेले असतात. त्यांच्यापाशी जीभ अडखळली की समजायचं, इथे काहीतरी आहे.

पण म्युन्स्टरबर्गच्या पुस्तकातला उत्तम भाग यंत्रांचा नाही. त्याच्या स्वतःच्या घरी चोरी झाली होती आणि त्याने न्यायालयात शपथेवर साक्ष दिली होती. नंतर त्याला कळलं की आपण सांगितलेल्या कितीतरी गोष्टी चुकीच्या होत्या. चोरांनी बांधून ठेवलेलं घड्याळ कागदात गुंडाळलेलं होतं असं तो म्हणाला. ते होतं टेबलक्लॉथमध्ये. मेणबत्तीचे थेंब त्याने सांगितले तिथे नव्हतेच. खोटं बोलायचं कारण नसलेला, स्मरणशक्तीचा अभ्यास हाच व्यवसाय असलेला माणूस शपथेवर चुकतो, हे त्याने स्वतःचंच उदाहरण देऊन दाखवलं. खोट्या कबुलीजबाबांवर त्याने एक अख्खं प्रकरण लिहिलं. त्यामागे १९०६चा शिकागोमधला खटला होता: खुनाची कबुली दिलेला एक तरुण निर्दोष असावा असं मत म्युन्स्टरबर्गने पत्राने कळवलं होतं. वर्तमानपत्रांनी त्याच्यावर झोड उठवली आणि त्या तरुणाला जूनमध्ये फाशी झाली. वर्षभराने मात्र हाच म्युन्स्टरबर्ग आयडाहोतल्या बॉइसी गावी गेला, हॅरी ऑर्चर्ड या कबुलीजबाब दिलेल्या खुन्यावर त्याने चाचण्या केल्या आणि ऑर्चर्ड खरं बोलतो आहे असा निर्वाळा दिला. ऑर्चर्डच्या साक्षीवर ज्याच्याविरुद्ध खटला उभा होता, तो कामगारपुढारी बिल हेवूड जुलै १९०७मध्ये निर्दोष सुटला.

या पुस्तकाला सगळ्यांत कसून वाचणारा माणूस भेटला तो जॉन हेन्री विग्मोर, नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या विधी शाखेचा प्रमुख आणि पुराव्याच्या कायद्याचा मोठा अभ्यासक. योगायोग असा की बाल्मरची बी.ए.ही नॉर्थवेस्टर्नचीच. फेब्रुवारी १९०९च्या ‘इलिनॉय लॉ रिव्ह्यू’मध्ये विग्मोरने म्युन्स्टरबर्गवर एक कल्पित अब्रूनुकसानीचा खटला रचला. वकीलवर्ग मानसशास्त्राकडे आडमुठेपणाने पाठ फिरवतो, असं पुस्तकात लिहिल्याबद्दल वकीलच वादी होऊन न्यायालयात येतात. न्यायाधीशाचं नाव वाइजमन, वादींच्या वकिलाचं टायरो. उलटतपासणीत टायरो प्राध्यापकमजकुरांना एकेक गोष्ट विचारत जातो. या पद्धती वकिलांनी वाचाव्यात असं इंग्रजीत काय छापलं गेलं आहे? त्या अचूक आहेत हे मानसशास्त्रज्ञांनी आपसांत तरी मान्य केलं आहे का? प्रयोगशाळेतल्या साक्षीदाराच्या चुकांमुळे खऱ्या खटल्याचा निकाल किती वेळा चुकतो, हे कोणी तपासलं आहे का? निकाल वादींच्या बाजूने लागतो, नुकसानभरपाई एक डॉलर. लेखाचा थाट विनोदी असला तरी विग्मोर मानसशास्त्राचा शत्रू नव्हता. त्याचं मागणं एवढंच होतं की आधी शास्त्र तयार होऊ द्या; न्यायालयं त्याचं स्वागत करतील.

तारखा पाहा. विग्मोरचा लेख फेब्रुवारीतला, ट्रँटची पहिली कथा मेमधली. म्हणजे ट्रँट जन्मण्याआधीच त्याच्या यंत्रांवरचा सगळ्यात गंभीर आक्षेप छापून झाला होता. प्रस्तावनेतली ती हमी या पार्श्वभूमीवर वाचली की तिच्यातला आग्रह कळतो. आणि एक गोष्ट मनाला लागते: म्युन्स्टरबर्गच्या पुस्तकातून बाल्मर-मॅकहार्गनी यंत्रं उचलली, पण शंका तिथेच ठेवल्या. घड्याळ कशात गुंडाळलं होतं हे न आठवणारा प्राध्यापक ट्रँटमध्ये कुठेच नाही. त्याच्या हातात सुई हलली की माणूस दोषी. आणि कथेच्या शेवटी तो माणूस गुन्हा कबूल करतो, त्यामुळे न्यायालयापुढे यंत्र सिद्ध करण्याची वेळच येत नाही. कथा म्हणून हे सोयीचं आहे. पण ज्या पुस्तकाने खोट्या कबुलीजबाबाबद्दल सावध केलं, त्याच पुस्तकाच्या आधाराने हे उभं राहिलं, याची मला खंत वाटते.

ट्रँटच्या कथा नंतर मागे पडल्या. त्यांना पुन्हा वाचक दिला तो ह्यूगो गर्न्सबॅकने. एप्रिल १९२६मध्ये त्याने ‘अमेझिंग स्टोरीज’ हे विज्ञानकथांचं मासिक सुरू केलं, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबर अंकात ‘द मॅन हायर अप’ पुन्हा छापली. १९२७च्या सुरुवातीच्या अंकांत आणखी कथा आल्या. आजची अद्भुत कल्पना ही उद्याची वस्तुस्थिती असते, अशा आशयाचं या मासिकाचं बिरुद होतं. आता प्रस्तावना पुन्हा आठवा. १९१०मध्ये लेखक सांगत होते की हे सगळं आजच, रोज घडतं आहे. सोळा वर्षांनी तीच कथा ‘उद्या’च्या मासिकात जाऊन बसली, आणि तिथे तिला कोणी परकं मानलं नाही. ट्रँटच्या वाचनाबद्दल याहून बोलका पुरावा मला दिसत नाही. जानेवारी १९३०मध्ये गर्न्सबॅकने ‘सायंटिफिक डिटेक्टिव्ह मंथली’ काढलं, त्यातही ट्रँट होता. ते मासिक वर्षही पुरं न करता बंद पडलं.

मधल्या काळात ‘उद्या’ काही अंशी येऊनही गेला होता. १९२१मध्ये बर्कलीच्या पोलीस खात्यात जॉन लार्सनने रक्तदाब आणि श्वास एकत्र नोंदवणारं यंत्र चालवलं. म्युन्स्टरबर्गच्या प्रयोगशाळेत शिकलेल्या विल्यम मार्स्टनने रक्तदाबाच्या चाचणीवरून एका खून खटल्यातला आरोपी खरं बोलतो आहे असं ठरवलं, आणि बचावपक्षाने ती साक्ष पुढे केली. डिसेंबर १९२३मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने ‘फ्राय’ खटल्यात ती नाकारली: ही चाचणी अजून मानसशास्त्रज्ञ आणि शरीरशास्त्रज्ञांमध्ये सर्वमान्य झालेली नाही. निकाल जेमतेम दोन पानांचा आहे. त्यात टायरोच्या प्रश्नांपैकी एक जसाच्या तसा उभा आहे असं मला वाटतं.

रसिक अभ्यासकांमध्ये एलरी क्वीन यांनी १९५१च्या ‘क्वीन्स क्वोरम’मध्ये निवडलेल्या १०६ गुप्तहेरकथासंग्रहांत ट्रँटला जागा दिली. तो मान ट्रँट पहिल्यांपैकी असल्याचा आहे. ट्रँट हा माणूस कसा आहे, त्याला काय आवडतं, काय सलतं, हे नऊ कथा वाचूनही हाती लागत नाही. मॅकहार्गला ते जाणवलं असेल का? पुढे त्याने ‘कॉलियर्स’ साप्ताहिकात ओमॅली नावाच्या न्यूयॉर्कच्या साध्या पोलिसाच्या कथा लिहिल्या. त्या आटोपशीर आहेत, जिवंत संवादांच्या आहेत, आणि त्यांत तारा जोडलेली एकही खुर्ची नाही.

तारांची ती खुर्ची पुढे आपल्याकडे मात्र आली. जून २००८मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने विषप्रयोगाच्या एका खून खटल्यात आरोपींना जन्मठेप दिली आणि निकालपत्रात मेंदूच्या विद्युतलहरींवर आधारित ‘बीइओएस’ चाचणीचा आधार घेतला. या चाचणीत डोक्याला इलेक्ट्रोड लावून संशयिताला डोळे मिटून गप्प बसवतात. घटनेचे तुकडे प्रथमपुरुषी वाक्यांत त्याला ऐकवले जातात, आणि ऐकलेली गोष्ट त्याने स्वतः अनुभवली आहे का, हे संगणकप्रणाली सांगते असा दावा असतो. ट्रँटच्या शब्दयादीत निदान एका शब्दाचं उत्तर तरी द्यावं लागत होतं.

५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य’ या प्रकरणात नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूलहरींच्या चाचण्या कोणावरही त्याच्या संमतीशिवाय करता येणार नाहीत असं ठरवलं. संमतीने केलेल्या चाचणीचा निष्कर्षही पुरावा म्हणून चालणार नाही. तिच्या मदतीने पुढे काही वस्तू वा माहिती हाती लागली, तर तेवढीच न्यायालयासमोर येऊ शकते. ते निकालपत्र अडीचशे पानांच्या आसपास आहे आणि यंत्रांचा इतिहास त्यात तपशिलाने दिला आहे. ट्रँटच्या चाहत्यांनी ते वाचावं.