आप्पांची दुसरी पसंती

६ मे २०२४ची रात्र. दुसऱ्या दिवशी बारामती लोकसभेचं मतदान, म्हणून हिंजवडीहून गावी आलो होतो. आमचं गाव इंदापूर तालुक्यात, नीरा डाव्या कालव्याच्या कडेला. ऊस भवानीनगरच्या कारखान्याला जातो. सुप्रिया सुळे की सुनेत्रा पवार, यावरून बाबा आणि काका महिनाभर एकमेकांशी बोलत नव्हते.

ओट्यावर आजोबांना विचारलं, "आप्पा, तुमचं काय?"

"यांच्यात खुर्ची सोडून दाखवलेला कोण आहे ते सांग, त्याला देतो." आणि थोड्या वेळानं, "माझा माणूस १९६९लाच पडला. सी. डी. देशमुख."

आप्पा जुन्या वळणाचे. अंथरूण पाहून पाय पसरावेत, सरकारनं धंद्यात फार नाक खुपसू नये आणि पुढाऱ्यानं कमी बोलावं, ही त्यांची मतं. काँग्रेसच्या या पट्ट्यात १९७७ साली त्यांनी जनता पक्षाच्या संभाजीराव काकडेंना मत दिलं होतं, आणि काकडे निवडूनही आले. पण राष्ट्रपतिपदाचा उमेदवार? तिथं तर आप्पांना मतच नव्हतं. राष्ट्रपती खासदार-आमदार निवडतात. १९६९ला बारामतीचे आमदार होते २८ वर्षांचे शरद पवार.

रात्री फोनवर वाचत बसलो. ३ मे १९६९ला राष्ट्रपती झाकीर हुसेन गेले. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी. इंदिरा गांधींचा कल अपक्ष व्ही. व्ही. गिरींकडे, आपल्या खासदार-आमदारांना त्यांनी अंतरात्म्याचा आवाज ऐकायला सांगितलं. तिसरे सी. डी. देशमुख, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, नेहरूंचे माजी अर्थमंत्री. त्यांना स्वतंत्र पक्ष आणि जनसंघाचा पाठिंबा होता. म्हणजे उजवीकडच्या मतदाराचा उमेदवार हाच. १९५६ साली मुंबई महाराष्ट्राला मिळत नाही म्हटल्यावर त्यांनी अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला होता. आप्पांची खुर्ची ती ही.

या निवडणुकीत मतपत्रिकेवर पसंतीचे क्रमांक लिहायचे असतात. कुणालाच निम्म्याहून जास्त मतं मिळाली नाहीत, तर तळाचा उमेदवार बाद करून त्याच्या पत्रिकांवरची पुढची पसंती मोजतात. कोड लिहिणाऱ्याला हे सोपं आहे, साधा लूप. पहिल्या फेरीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ मतमूल्य मिळालं. जिंकायला हवं होतं ४,१८,१६९. भारताच्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत दुसरी पसंती मोजायची वेळ आली ती याच एकदा. देशमुखांची बहुतेक मतं रेड्डींकडे वळली. तरी गिरी ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७ असे निसटते जिंकले. त्याच वर्षी काँग्रेस फुटली.

आणखी एक गोष्ट सापडली आणि मला हसू आलं. त्या जुलैत इंदिरा गांधींनी १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण केलं, आणि स्वतंत्र पक्षाचा त्याला कडाडून विरोध. पण त्यांनी पाठिंबा दिलेल्या देशमुखांनीच अर्थमंत्री असताना इंपीरियल बँकेची स्टेट बँक केली होती आणि १९५६ला आयुर्विमा सरकारच्या ताब्यात घेतला होता.

सकाळी गाडीत आप्पांना हे ऐकवलं. वाटलं, आता सापडले.

"म्हणजे एलआयसी त्याचीच?" आप्पा म्हणाले. "तुझ्या आत्याचं लग्न त्या पॉलिसीवर झालं." मग बराच वेळ बाहेरचा ऊस बघत राहिले. "माणूस सगळ्या विचारांनी आपल्यासारखा असावा, असं नसतं रे. शब्दाला पक्का पाहिजे. आज एक, उद्या एक असं नको."

मला पटलं, पण पुरतं नाही. म्हटलं, "आप्पा, खुर्ची सोडणाऱ्याचा आदर ठीक आहे. पण बारामतीची एमआयडीसी, कॉलेजं खुर्ची धरून ठेवणाऱ्यांनीच उभी केली. मी इंजिनिअर झालो तो त्यातूनच. तुमच्या देशमुखांमागं ना कारखाना, ना कार्यकर्ता."

"म्हणून तर पडला," आप्पा म्हणाले. "काम करणारा पाहिजेच. पण त्याला कधीतरी नाही म्हणता आलं पाहिजे. स्वतःलासुद्धा."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमची पिढी नेत्याचं काम मोजते: रस्ता, पाणी, नोकरी. आप्पांची मोजणी वेगळी, तो काय सोडू शकतो याची. दोन्ही मोजण्या एकाच माणसात जुळाव्यात असं आपल्याला वाटतं, आणि मतदान यंत्रावर तर बटण एकच दाबता येतं.

केंद्रापाशी काका एका झाडाखाली, बाबा दुसऱ्या. दोघंही आप्पांकडे बघत होते. आप्पा काठी टेकत आत गेले आणि शाईचं बोट घेऊन बाहेर आले.

गाडीत बसवताना मी हळूच विचारलं, "कुणाला दिलं?"

"दुसऱ्या पसंतीला," आप्पा म्हणाले, आणि दार लावून घेतलं.