खुल्या गटाचा अखेरचा मानकरी

जिगोरो कानो यांनी १८८२ साली तोक्योतील एइशोजी मंदिरात ज्या ज्युदोचा पाया घातला, त्या विद्येत प्रतिस्पर्ध्याचे वजन विचारण्याची चाल नव्हती. किंबहुना थोराडाचा जोर त्याच्यावरच उलटवून हलक्याने त्याला लोळवावे, हीच तिची प्रतिज्ञा होती. पुढे १९६४ साली तोक्यो ऑलिंपिकमध्ये ज्युदोचा समावेश झाला, तेव्हा वजनाप्रमाणे तीन गट पाडले गेले, तरी चौथा गट सर्वांना खुला ठेवून या जुन्या रीतीचा मान राखण्यात आला. आणि दैवदुर्विलास असा, की नेमक्या त्याच गटात, भर बुदोकानमध्ये, हॉलंडच्या धिप्पाड आंतोन खेसिंकने जपानच्या अकिओ कामिनागाला जमिनीशी जखडून सुवर्णपदक नेले.

त्या वेळी कुमामोतो प्रांतातील यासुहिरो यामाशिता सात वर्षांचा होता. अंगाने आडदांड आणि वृत्तीने दांडगट अशा या पोराच्या धाकाने वर्गातील मुले शाळेत यायला कचरू लागली, म्हणून घरच्यांनी त्याला ज्युदोला घातले, असे सांगतात. २९ एप्रिलला, सम्राट हिरोहितोंच्या जन्मदिनी, भरणाऱ्या अखिल जपान स्पर्धेत वजनाची अट नसे. ती त्याने १९७७ साली, अवघ्या एकोणिसाव्या वर्षी जिंकली, आणि पुढे १९८५ पर्यंत लागोपाठ नऊ वेळा तिचे अजिंक्यपद दुसऱ्या कोणाच्या हाती जाऊ दिले नाही. बरोबरीत सुटलेल्या सात लढती सोडल्या, तर ऑक्टोबर १९७७ पासून त्याच्या नावावर सलग २०३ विजय जमा आहेत. अर्थात सव्वाशे किलोंच्या या मल्लाला हलक्याने भारी होण्याची कानोंची प्रतिज्ञा स्वतः कधी पाळून दाखवावी लागली नाही, हेही नमूद केले पाहिजे.

१९८० साली, अफगाणिस्तानात शिरलेल्या सोव्हिएत फौजांच्या निषेधार्थ अमेरिकेने मॉस्को ऑलिंपिकवर बहिष्कार पुकारला आणि जपान सरकारने त्यास रुकार दिला. खेळाडूंच्या सभेत यामाशिताने सद्गदित कंठाने सहभागाची मुभा मागितली. सरकारदरबारी तिची दाद लागली नाही. २४ मे रोजी बहिष्कार कायम झाला, आणि दुसऱ्याच दिवशी एका लढतीत प्रतिस्पर्धी सुमिओ एन्दोने पायांची कात्री घालून त्याला पाडले, तेव्हा त्याच्या डाव्या पायाचे हाड मोडले. त्याच मॉस्कोत १९८३ साली तो विश्वविजेता झाला.

लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये १९८४ साली, खुल्या गटातील दुसऱ्याच लढतीत, पश्चिम जर्मनीच्या आर्थर श्नाबेलशी झुंजताना त्याच्या उजव्या पोटरीचा स्नायू फाटला. लंगडणे लपता लपेना. उपांत्य लढतीत फ्रान्सच्या लोराँ देल कोलंबोने तर त्याला आरंभीच पाडून गुण घेतला; तरीही पुढे त्याला खाली दाबून यामाशिताने लढत मारली. अंतिम लढतीत इजिप्तच्या मोहम्मद रश्वानला खाली घेऊन त्याने आडवे जखडले आणि तीस सेकंदांची मुदत भरेपर्यंत सोडले नाही. पुढे पदके देताना त्याला चौथऱ्यावर चढायला हात दिला तो रश्वाननेच. दुखऱ्या पायावर रश्वानने मुद्दाम हल्ला केला नाही, ही कथा जगभर गाजली. माझ्या मते मात्र तो जिंकण्याच्याच इराद्याने उतरला होता, असे मानण्यात त्याचा अधिक सन्मान आहे.

त्या ऑलिंपिकनंतर खुला गट बरखास्त झाला. एप्रिल १९८५ मध्ये, अखिल जपान स्पर्धेच्या अंतिम लढतीत, हितोशी साइतोवर पंचांच्या कौलाने मात करून यामाशिता जूनमध्ये निवृत्त झाला. सोलला १९८८ मध्ये पुरुषांच्या ज्युदोतील जपानचे एकमेव सुवर्ण मिळवले ते याच साइतोने, पण ते वजनी गटातले.